हॉपकिन्समध्ये नोकरी कोणाला मिळाली?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मराठी इंजिनिअरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर वर्षी उन्हाळा सुरू झाला की एक सल्ला फिरायला लागतो. एच-१बी व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला नाही? मग युनिव्हर्सिटीत बघ. सल्ला खरा आहे. कंपन्यांसाठी वर्षाला ८५,००० व्हिसांची मर्यादा असते आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात, म्हणून लॉटरी. पण २००० सालच्या एका कायद्याने विद्यापीठांना आणि त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा रुग्णालयांना या मर्यादेतून वगळलं. तिथे नोकरी मिळाली तर चिठ्ठी उचलण्याचा प्रश्नच येत नाही. (सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं आणि या सल्ल्यातली बरीच हवा निघाली, तो भाग वेगळा.)

या सल्ल्यात हमखास येणारं एक नाव म्हणजे बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. विद्यापीठ आणि त्याचं रुग्णालय मिळून मेरिलँड राज्यातला सर्वांत मोठा खासगी मालक आहे. हृदय शल्यविशारदापासून स्ट्रेचर ढकलणाऱ्यापर्यंत, डेटा इंजिनिअरपासून स्वयंपाकघरात ट्रे भरणाऱ्यापर्यंत सगळ्या नोकऱ्या एकाच संस्थेत.

मी पुण्यात बसून अमेरिकी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझं काम परवानग्यांचं. म्हणजे कोणाला कोणता स्क्रीन दिसेल, कोण काय बदलू शकेल, कोणाला फक्त वाचता येईल. आमच्या भाषेत याला 'रोल' म्हणतात. रुग्णालयाकडून एक लांबलचक एक्सेल येते. शेकडो पदनामं, आणि प्रत्येकापुढे काय उघडायचं आणि काय बंद ठेवायचं याच्या खुणा. ही यादी वर्षानुवर्षं बघताना मला प्रश्न पडायला लागला की ही पदनामं आली कुठून? ती कोणाला मिळाली, कोणाला नाही, आणि ते कोणी ठरवलं? उत्तर शोधायला मी हॉपकिन्सचा इतिहास वाचायला घेतला. नोकरीची जाहिरात वाचतो तसाच, 'पात्रता' या रकान्यापासून सुरुवात करून.

सत्तर लाख डॉलर आणि एक पत्र

जॉन्स हॉपकिन्स (नावात 'जॉन' नाही, 'जॉन्स' आहे, ते त्याच्या पणजीचं माहेरचं आडनाव) हा बाल्टिमोरचा व्यापारी. किराणा मालाचा घाऊक धंदा, मग सावकारी, मग बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे शेअर. लग्न केलं नाही. २४ डिसेंबर १८७३ रोजी तो वारला तेव्हा त्याने ७० लाख डॉलर मागे ठेवले होते, निम्मे विद्यापीठासाठी आणि निम्मे रुग्णालयासाठी. तोवर अमेरिकेत एवढी मोठी देणगी कोणी दिली नव्हती.

मरणाआधी काही महिने त्याने रुग्णालयाच्या विश्वस्तांना एक पत्र लिहिलं. गावातल्या गरीब आजाऱ्यांना लिंग, वय, वर्ण न बघता दाखल करून घ्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. यादवी युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. मेरिलँड हे गुलामगिरी असलेलं राज्य होतं, तिथे असं लिहिणं मोठी गोष्ट होती. हॉपकिन्स गुलामगिरीचा विरोधक होता, अशी कथा विद्यापीठ पुढे शंभर वर्षं सांगत आलं. डिसेंबर २०२० मध्ये विद्यापीठानेच जाहीर केलं की १८४० आणि १८५० च्या जनगणनेच्या नोंदींत त्याच्या घरात गुलाम माणसं आढळतात. आता पत्र आणि जनगणना दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावं लागतं.

मला त्या पत्रात एक गोष्ट खटकली. खाटेवर कोण झोपेल याबद्दल ते उदार आहे. खाटेशेजारी उभं कोण राहील, याबद्दल तितकं नाही. डॉक्टर उत्तम असावेत, परिचारिकांसाठी शाळा असावी, एवढं आहे. उपचार घेण्याच्या दारावर 'सर्वांसाठी' अशी पाटी लागली. नोकरीच्या दारावर ती लागली नव्हती. ते दार पुढच्या दीडशे वर्षांत एकेक इंच उघडत गेलं, आणि दर वेळी कोणीतरी बाहेरून ढकललं म्हणूनच.

पैसे घ्या, पण अट आहे

विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झालं, रुग्णालय मे १८८९ मध्ये. दोघांना जोडणारं वैद्यकीय महाविद्यालय मात्र उघडेना. विद्यापीठाची पुंजी रेल्वेच्या शेअरमध्ये अडकली होती आणि त्या रेल्वेने लाभांश देणं थांबवलं होतं. प्राध्यापक नेमलेले, इमारत उभी, आणि तिजोरीत खडखडाट.

तेव्हा चार मैत्रिणी पुढे आल्या. चौघीही विश्वस्तांच्याच मुली. त्यातल्या एम. कॅरी थॉमसला याच विद्यापीठाने काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर शिक्षणासाठी घेतलं होतं, पण वर्गात बसायची परवानगी दिली नव्हती. ती युरोपात गेली आणि १८८२ मध्ये झुरिकहून डॉक्टरेट घेऊन आली. दुसरी, मेरी एलिझाबेथ गॅरेट, त्याच रेल्वेच्या दिवंगत अध्यक्षांची मुलगी आणि गडगंज वारस. चौघींनी देशभर समित्या काढल्या, वर्गणी गोळा केली आणि विश्वस्तांपुढे प्रस्ताव ठेवला: पैसे आम्ही देतो, पण मुलींना मुलांच्याच अटींवर प्रवेश द्यायचा. विश्वस्तांनी आकडा वाढवला, पाच लाख डॉलर लागतील म्हणाले. १८९२ च्या शेवटी गॅरेटने एकटीने तीन लाखांहून अधिक डॉलर घालून तो आकडा पुरा केला. वर आणखी अटी घातल्या: प्रवेशाला आधीची पदवी हवी, विज्ञानाची तयारी हवी, फ्रेंच आणि जर्मन वाचता यायला हवं. त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक वैद्यकीय शाळांत फी भरली की प्रवेश मिळे. असं म्हणतात की विल्यम ऑस्लर आपल्या सहकाऱ्याला, विल्यम वेल्चला, म्हणाला होता, आपण प्राध्यापक म्हणून आत आलो ते बरं झालं, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतलं नसतं.

१८९३ च्या पहिल्या तुकडीत १८ विद्यार्थी होते, त्यात तीन मुली. काही वर्षांनी याच महाविद्यालयातून बाहेर पडलेली फ्लॉरेन्स सेबिन १९१७ मध्ये तिथेच पूर्ण प्राध्यापक झाली.

या तारखा वाचताना आपल्याला आनंदीबाई आठवणारच. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या त्या फिलाडेल्फियाला, बाल्टिमोरपासून जेमतेम १६० किलोमीटरवर, आणि त्यांनी प्रवेश घेतला तो फक्त स्त्रियांसाठी असलेल्या महाविद्यालयात. आपण ही गोष्ट एका धाडसी मराठी मुलीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण स्त्रियांचं वेगळं महाविद्यालय मुळात का लागलं, हा प्रश्न आपण विचारत नाही. लागलं, कारण बाकीची बहुतेक दारं अमेरिकन मुलींनाही बंद होती. आनंदीबाईंना पदवी मिळाली १८८६ मध्ये, हॉपकिन्सच्या पहिल्या तुकडीच्या सात वर्षं आधी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांना नोकरीही मिळाली होती, स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून. ते पद हातात होतं आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, क्षयाने त्या गेल्या.

देणगीला अट जोडून नोकरीचं दार उघडण्याची युक्ती पुढे मुंबईतही वापरली गेली. परळचं केईएम रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती की इथले अध्यापक भारतीयच असतील, आणि सरकारी सेवेतले नसतील. मोठ्या जागा तोवर इंग्रज सरकारच्या वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांकडे जात. बाल्टिमोरच्या बायकांना आणि मुंबईच्या विश्वस्तांना एकमेकांची माहिती असो वा नसो, दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. संस्थेला पैशाची गरज असते, तेव्हाच अट मान्य होते.

जी पदं आधी नव्हतीच

हॉपकिन्सने काही नोकऱ्या नुसत्या दिल्या नाहीत, त्या तयार केल्या. 'रेसिडेंट डॉक्टर' ही त्यातली सर्वांत मोठी. पदवीनंतर रुग्णालयातच राहायचं, रात्रंदिवस काम करायचं, वरच्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकायचं, ही पद्धत इथे ऑस्लर आणि शल्यविभागाचा प्रमुख विल्यम हॅल्स्टेड यांनी अमेरिकेत रुजवली. 'रेसिडेंट' म्हणजे अक्षरशः तिथे राहणारा. लग्न झालेलं चालत नसे, पैसा नावापुरता. आपल्याकडे 'मार्ड'चे डॉक्टर वसतिगृहातल्या खोल्यांसाठी आणि थकलेल्या विद्यावेतनासाठी संपावर जातात, तेव्हा संघटनेच्या नावातला तो 'रेसिडेंट' शब्द याच परंपरेतून आलेला असतो. न झोपता काम करण्याचा हा आदर्श घालून देणारा हॅल्स्टेड स्वतः कोकेनच्या आहारी गेलेला होता. भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना त्याला ते व्यसन लागलं, आणि त्यावरच्या उपचारात मॉर्फीनचं. अमेरिकेत रेसिडेंटच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली ती २००३ मध्ये.

रबरी हातमोज्यांची गोष्टही नोकरीचीच आहे. हॅल्स्टेडच्या शस्त्रक्रियागृहातली मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिचे हात जंतुनाशक द्रावणातल्या पाऱ्याच्या क्षारामुळे सोलवटून निघत. तिने काम सोडायची वेळ आली, तेव्हा हॅल्स्टेडने गुडइयर कंपनीकडून तिच्या हाताच्या मापाचे पातळ मोजे करून घेतले. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये, हा फायदा नंतर लक्षात आला. मुळात ते एका कर्मचाऱ्याच्या कातडीसाठी होते. १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. मोजे जगभर गेले, आणि कॅरोलाइनची नोकरी लग्नासोबत संपली. त्या काळी बाईसाठी हा नियम लिहावाही लागत नसे.

आणखी एक पद: वैद्यकीय चित्रकार. लाइपझिगहून १८९४ मध्ये आलेला मॅक्स ब्रोडेल शस्त्रक्रियांची चित्रं काढायचा. छायाचित्रात रक्तापलीकडे काही दिसत नसे, ब्रोडेलच्या चित्रात नेमकं काय कुठे आहे ते कळे. १९११ मध्ये त्याच्यासाठी हॉपकिन्सने या कलेचा स्वतंत्र विभाग काढला, जगातला पहिला. हातातल्या कौशल्याला नाव मिळालं, नावाला विभाग मिळाला, विभागाला पगार मिळाला. ब्रोडेल गोरा आणि जर्मन होता, हे इथे नोंदवून ठेवतो. कारण पुढची गोष्ट अशा माणसाची आहे ज्याच्या हातात तितकंच कौशल्य होतं.

पदनाम: सफाई कामगार

व्हिव्हियन थॉमस १९१० चा जन्म, नॅशव्हिलमध्ये वाढलेला, कृष्णवर्णीय. वडील सुतार, तोही सुतारकाम शिकलेला. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवत होता. १९२९ च्या मंदीत काम गेलं. फेब्रुवारी १९३० मध्ये त्याने तात्पुरती म्हणून व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक या तरुण शल्यविशारदाच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. त्याच वर्षी बँक बुडाली आणि कॉलेजसाठी ठेवलेले सगळे पैसे गेले. तात्पुरती नोकरी आयुष्यभराची झाली.

प्राण्यांवर शस्त्रक्रिया करणं, रासायनिक चाचण्या, नोंदी, आकडेमोड, हे सगळं तो शिकला. गंभीर जखमेनंतर येणारा 'शॉक' रक्त आणि द्रव कमी झाल्याने येतो, हे ब्लॅलॉकच्या ज्या कामाने दाखवलं आणि ज्यामुळे दुसऱ्या महायुद्धात असंख्य सैनिक वाचले, त्यामागचे प्रयोग थॉमसच्या हातचे होते. मग एके दिवशी त्याला कळलं की विद्यापीठाच्या कागदोपत्री त्याचं पदनाम सफाई कामगाराचं आहे. पगारही त्याच श्रेणीचा.

हे वाचून मी थांबलो. कारण एक्सेलमधल्या एका रकान्यात काय ताकद असते, हे माझ्या रोजच्या कामात मला दिसतं. सॉफ्टवेअर माणूस बघत नाही, रोल बघतं. रकान्यात जे लिहिलं, तेवढाच तो माणूस. १९३० च्या दशकात संगणक नव्हता, पण कारकुनाची वही हेच करत होती. कृष्णवर्णीय माणसासाठी त्या वहीत पदनामच उपलब्ध नव्हतं, म्हणून जे होतं त्यात त्याला बसवलं.

१९४१ मध्ये ब्लॅलॉक हॉपकिन्सला शल्यविभागाचा प्रमुख म्हणून आला तेव्हा त्याने थॉमसला सोबत आणलं. त्या वेळी हॉपकिन्समध्ये कृष्णवर्णीय माणूस म्हणजे झाडूपोछा करणारा, एवढंच समीकरण होतं. थॉमस पांढरा कोट घालून मार्गिकेतून चालला की लोक वळून बघत.

तिथे बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग होती. हार्वर्डने स्त्रियांना पदवी द्यायची नाही म्हणून ती हॉपकिन्सला आलेली, गॅरेटच्या अटीने उघडलेल्या दारातून. तिला ऐकू कमी येत असे, त्यामुळे स्टेथोस्कोपपेक्षा बोटांनी हृदयाची धडधड वाचायची. तिच्याकडे निळी पडलेली बाळं येत. हृदयात जन्मतः दोष, फुप्फुसांत पुरेसं रक्त पोहोचत नाही, ओठ आणि नखं निळी. तिने ब्लॅलॉकला विचारलं, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला दुसरी वाहिनी जोडून रक्त वाढवता येईल का? ते करून बघण्याचं काम थॉमसकडे आलं. त्याने कुत्र्यांवर आधी तो दोष तयार केला, मग तो दुरुस्त करायची पद्धत बसवली, आणि इतक्या बारीक वाहिन्या शिवण्यासाठी हत्यारं घडवली. इथे सुताराचा हात उपयोगी पडला असणार, असं मला वाटतं.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ब्लॅलॉकच्या मागे, स्टुलावर चढून, थॉमस उभा होता. ब्लॅलॉक दर टाक्याला त्याला विचारत होता. ती मुलगी काही महिनेच जगली. पण पद्धत यशस्वी ठरली, देशोदेशीचे आईबाप निळी बाळं घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. १९४५ मध्ये शोधनिबंध आला. लेखक दोन, ब्लॅलॉक आणि टॉसिग. शस्त्रक्रियेला नावंही त्या दोघांचीच मिळाली.

थॉमस पगार पुरत नाही म्हणून ब्लॅलॉकच्या घरच्या पार्ट्यांत पाहुण्यांना दारू ओतून द्यायचं काम करत होता. दिवसा ज्या डॉक्टरांना तो टाके घालायला शिकवी, संध्याकाळी त्यांचेच ग्लास भरायचे. नॅशव्हिलला परत जाऊन सुतारकी करावी, असंही त्याच्या मनात आलं. त्यानंतर ब्लॅलॉकने बोलणी करून त्याचा पगार वाढवून घेतला. त्याने पदवी घ्यायचा प्रयत्नही केला, पण स्थानिक महाविद्यालयाने पहिल्या वर्षापासून सुरुवात कर म्हटलं. पुरी होईपर्यंत पन्नाशी आली असती. त्याने नाद सोडला. १९७१ मध्ये त्याने शिकवलेल्या शल्यविशारदांनी त्याचं तैलचित्र काढून संस्थेला दिलं. १९७६ मध्ये हॉपकिन्सने त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि अध्यापक म्हणून नेमलं. तो १९८५ मध्ये गेला. हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पहिले दोन कृष्णवर्णीय डॉक्टर बाहेर पडले ते १९६७ मध्ये, त्याला तिथे येऊन २६ वर्षं झाल्यावर.

आत्याचा प्रश्न

थॉमसला शेवटी नाव मिळालं, कारण त्याच्या हाताखाली शिकलेले लोक मोठे झाले. ज्यांच्या हाताखाली कोणी शिकत नाही, त्यांचं काय?

माझी आत्या एका सरकारी रुग्णालयात आया होती. तीस वर्षं. पेशंट, नातेवाईक, डॉक्टर सगळे तिला 'मावशी' म्हणत, कागदावर ती 'वर्ग ४' होती. तिची भरती झाली तेव्हा निदान ते पद कायम होतं, पेन्शन होती. तिच्या जागी आता ज्या बायका आहेत त्या कंत्राटदाराच्या, आणि पगार कधी होईल ते कंत्राटदाराला ठाऊक. मी एकदा तिला आमच्या सॉफ्टवेअरमधला सफाई कर्मचाऱ्यांचा स्क्रीन दाखवला. मोबाइलवर खाटेचा नंबर येतो आणि तीन बटणं: अस्वच्छ, काम चालू, स्वच्छ. तिने विचारलं, "आणि पेशंट कोण होतं, ते नाही दिसत?" रुग्णाची गोपनीयता असते, मी सांगितलं. ते खरंच आहे. ती म्हणाली, "हं. पण मग त्या पोरीला कळायचं कसं, की इथला माणूस बरा होऊन घरी गेला का वर गेला?"

अमेरिकेत ही मंडळी कायद्याच्याही बाहेर होती. १९४७ च्या कायद्याने ना-नफा रुग्णालयांना कामगार संघटनेशी बोलणी करण्याच्या सक्तीतून सूट दिली होती. दवाखाना म्हणजे सेवा, आणि सेवेत मजुरीची घासाघीस कशी करायची, असा सूर. मार्च १९६९ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात १२ कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना काढून टाकलं आणि चारशेहून अधिक जण संपावर गेले, बहुतेक बायका. तासाला १ डॉलर ३० सेंट मिळत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला एक वर्ष झालं होतं, त्यांची पत्नी कोरेटा स्कॉट किंग मोर्च्यात उतरली. शंभर दिवसांनी संप मिटला, काढलेल्यांना परत घेतलं, मजुरी वाढली. त्याच उन्हाळ्यात तीच संघटना बाल्टिमोरला आली आणि हॉपकिन्स रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी मतदान करून तिला निवडलं. कायद्यातली सूट गेली ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९७४ मध्ये. एप्रिल २०१४ मध्ये हॉपकिन्सच्या सफाई, स्वयंपाक आणि रुग्ण वाहून नेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी पुन्हा संप केला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयांपैकी एकात काम करूनही संसार चालत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं.

पोलाद गेलं, दवाखाना उरला

एवढी मोठी संस्था म्हणून हॉपकिन्स आधी शहरातल्या अनेक मालकांपैकी एक होती. खरा अन्नदाता होता स्पॅरोज पॉइंटचा बेथलेहेम स्टीलचा कारखाना. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे तीस हजारांहून अधिक लोक होते. शाळा सोडलेल्या मुलालाही तिथे घर चालेल असा पगार मिळे. मग तो आटत गेला आणि २०१२ मध्ये बंद पडला. गिरणगावात वाढलेल्या कोणाला हे समजावून सांगायची गरज नाही. १९५० मध्ये बाल्टिमोरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, २०२० मध्ये ५ लाख ८५ हजार.

उरलं ते रुग्णालय. त्याचं कारण अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात सांगितलं होतं. यंत्र आलं की पोलाद कमी माणसांत निघतं. मी एकदा लिहिलेला कोड लाख जण वापरू शकतात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायला १८८९ मध्येही एक-दोन माणसं लागत आणि आजही लागतात. म्हणून सेवेच्या कामात माणसं कमी होत नाहीत, खर्च वाढत जातो, आणि तो दाबायचा म्हणून सर्वांत खालच्या रकान्यातला पगार दाबला जातो.

शिवाय संस्थेला जागा हवी असते. २००१ नंतर रुग्णालयाच्या उत्तरेची वस्ती पाडून जैवतंत्रज्ञान संकुल उभारायची योजना आली. सातशेहून अधिक कुटुंबं हलवली गेली, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. हजारो नोकऱ्या येतील असं आश्वासन होतं, आल्या त्या मानाने फार कमी. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मेला आणि शहर पेटलं. त्याच सप्टेंबरात हॉपकिन्सने 'हॉपकिन्सलोकल' नावाचा कार्यक्रम जाहीर केला: बांधकाम, खरेदी आणि भरती स्थानिकांतून. ठरावीक सुरुवातीच्या पदांपैकी ४० टक्के जागा २०१८ पर्यंत शहराच्या गरीब वस्त्यांतून भरायच्या. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही तिथे नोकऱ्या दिल्या जातात. चांगलंच आहे. पण क्रम बघा. आधी आग, मग भरती.

१८९२ मध्ये पैसा, १९४४ मध्ये कौशल्य, १९६९ मध्ये संघटना, २०१५ मध्ये संताप. संस्थेने स्वतःहून, सकाळी उठून, सुचलं म्हणून दार उघडलं, असं एकही उदाहरण मला या इतिहासात सापडलं नाही. तरी मी हॉपकिन्सला खलनायक म्हणणार नाही. उघडलेल्या दारातून टॉसिग आली, थॉमस आला, आणि त्यांच्यामुळे जगलेली मुलं आज म्हातारी झाली असतील.

आता उलटा प्रवास सुरू झाला आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशी मदतीचा निधी थांबवला आणि हॉपकिन्सचे ८० कोटी डॉलर गेले. विद्यापीठाने दोन हजारांहून अधिक नोकऱ्या कमी केल्या. त्यातल्या २४७ अमेरिकेत होत्या आणि १,९७५ बाहेर, ४४ देशांत. क्षयरोग, बाळंतपण, पाणी, लसीकरण अशा कामांवरची माणसं. त्यांतल्या बहुतेकांनी बाल्टिमोर पाहिलंही नसेल. त्यांना व्हिसा नको होता, लॉटरी नको होती. आपापल्या गावात राहून ते हॉपकिन्सच्या पगारावर काम करत होते.

त्यांच्या बाजूने अट घालायला कोणी गॅरेट नव्हती आणि त्यांची संघटनाही नव्हती. माझ्यासारख्या कोणीतरी त्या दिवशी १,९७५ लॉगिन बंद केले असतील. त्याला एक्सेल आली असेल, नावांची नाही, रोलची.